बटन कोणी दाबलं

आत्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "तुझा दादा मशीन चालू करून राहिला. तू शिकलेली हायस, ये आन बघ."

दादा म्हणजे आत्याचा थोरला मुलगा, माझा आतेभाऊ. त्याला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

मी हिंगोलीत एका क्लासवर कॉम्प्युटर शिकवते. बी.सी.एस. आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. त्यासाठी काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. नात्यात कुणाचा मोबाइल बंद पडला, कुणाचा टीव्ही लागेना, की मला बोलावणं येतं. "तुझं कॉम्प्युटर झालंय ना?" टीव्हीचा आणि त्याचा काय संबंध, असं म्हणायची सोय नसते. पण गेलेला माणूस मशीन चालू करतोय, ते बघायला ये, असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं.

डोंगरकड्याला आत्याचं घर रस्त्याला लागून आहे. मधे अंगण, आत ओसरी आणि स्वयंपाकघर, आणि रस्त्याच्या अंगाला शटरची एक खोली. त्या खोलीत दादाचं ऑनलाइन सेंटर. सातबारा, पीक विमा, पोरांचे कॉलेजचे फॉर्म, सगळं तिथं व्हायचं. दादा गेला तोही तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या. वहिनी दुपारचा चहा घेऊन गेली तर मान छातीवर पडलेली आणि समोर मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, पडदा चालू. अर्धा भरलेला कुणाचा तरी फॉर्म होता म्हणे. जाताना तोंडात घोटभर पाणी पडलं नाही, हे आत्याला सगळ्यात जास्त लागलं. रडणं थांबलं तरी तेवढं एक वाक्य थांबलं नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी दिवा ठेवतात. दिव्यापाशी ताटात पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि सकाळी टोपली उचलून बघतात, पिठावर काय उमटलं ते. पाखराचा पाय दिसला तर जीव पाखरात गेला, गाईचं खूर दिसलं तर गाईत. दादाचं ताट मशीनच्या टेबलाखाली ठेवलं होतं. सकाळी पिठावर बारीक बारीक खळगे होते, ओळीनं, एकाखाली एक. बोटांच्या टोकांनी हलकं दाबल्यासारखे. मी ते पाहिलेलं नाही. पण आत्यानं सांगितलं, मामांनी सांगितलं, आणि वहिनीनंही मान हलवली. टायपिंग केल्यासारखं दिसत होतं, असं तिघांचं म्हणणं.

त्यानंतर मशीन आपोआप चालू व्हायला लागलं.

मी पोचले तेव्हा आत्या ओसरीत हळकुंडं निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "आलीस का माय? तुला सून करून घेनार व्हते मी. तू पुस्तकं घिऊन पळालीस. आता तीच पुस्तकं घिऊन बघ माझं लेकरू कुठंय ते."

मामा खाटेवर होते. मामा म्हणजे आत्याचे मालक. त्यांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. "हे बघ, एक बियान्यावाला शटर भाड्यानं मागून राहिला. मशीन कालव्यात सोडतो आन खोली त्याला देतो. ह्या तुझ्या वहिनीचं म्हननं येगळं हाय."

"काय म्हणणं आहे?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी बसते म्हणते सेंटरवर. त्यांच्याजवळ बसून सगळं शिकलेय मी. अर्धे फॉर्म तर मीच भरायचे."

"बसशील," मामा म्हणाले, "मी काहून न्हाई म्हनू? पन ज्या खोलीत पोरगं फिरून राहिलं तिथं सुनेला कसं बसवू? लोक काय म्हनतील ते सोड. मलाच धीर व्हत न्हाई आत जायाला."

म्हणजे मामला असा होता. मशीन का चालू होतं ते मला सांगता आलं, तर वहिनी त्या खुर्चीत बसणार. नाही सांगता आलं, तर शटर बियाणेवाल्याचं आणि वहिनी तिच्या माहेरी, भावजयीच्या हाताखाली.

वहिनीनं मला खोलीत नेलं. शटर खाली होतं, आम्ही अंगणाच्या दारानं गेलो. पलीकडच्या वावरात हळद पॉलिशचा ड्रम फिरत होता आणि त्याचा घरघराट भिंतीतून येत होता. खोलीत उदबत्तीचा वास. मशीन बंद होतं. मी काही हात लावायच्या आत वहिनी म्हणाली, "चालू झालं की असं होतं, बघा." आणि तिनं बटन दाबलं.

पंखा फिरला. प्रिंटर खर्र करून जागा झाला, आत त्याचं काहीतरी इकडून तिकडं सरकलं. मग पडद्यावर दादा आला. त्यानं स्वतःचा फोटो लावून ठेवला होता, लग्नातला, फेटा बांधलेला. खाली पासवर्डचा रिकामा चौकोन आणि त्यात ती उभी रेघ, लुकलुकणारी. पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता.

"रोज असंच," वहिनी म्हणाली. "कधी सकाळी, कधी भर दुपारी. आम्ही ओसरीत असतो आणि इकडून प्रिंटरचा आवाज येतो. आलं की हे असे बघत बसलेले. कधी आपोआप बंदसुद्धा होतं."

मी लाइट गेल्या-आल्यानं होत असेल म्हणाले. मामांनी तोही हिशेब लावून बघितला होता. लाइट असतानाही होत होतं.

मी माझा पेनड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स असतं, विंडोजसारखीच दुसरी एक सिस्टिम. मशीनच्या स्वतःच्या विंडोजला न उठवता, पासवर्ड न विचारता त्यावरून काम करता येतं. मग काळा पडदा उघडून आज्ञा टाइप करायची. डीएमआयडीकोड म्हणून एक टूल आहे. त्याला चित्र नाही, बटनं नाहीत, नुसती अक्षरं. ते मशीनच्या बुडाशी जाऊन आत काय काय आहे ते विचारतं आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहून दाखवतं. प्रोसेसर कोणता, मेमरीच्या खाचा किती, भरलेल्या किती. क्लासवर मी पोरांना सांगते की उघडून बघायच्या आधी मशीनलाच विचारा.

वहिनी माझ्या मागं उभी होती. "काय म्हणतंय?"

ओळी वर सरकत होत्या. मी मराठीत सांगत गेले. मेमरीच्या खाचा दोन, एक रिकामी. कंपनीचं नाव, नाही. मॉडेल, नाही. नंबर, नाही. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य होतं, बनवणाऱ्यानं हे भरायचं आहे. दुकानात सुटे भाग जोडून केलेल्या मशीनला असंच येतं, कारण ते कुणी भरतच नाही. मला ते माहीत होतं. तरी त्या खोलीत, त्या वासात, ते वाक्य तीनदा वाचताना बरं वाटलं नाही.

आणि त्याखाली एक ओळ होती, जी मी शिकवताना नेहमी सोडून देते. मशीन कशानं जागं झालं, ही ओळ. लाइट परत आल्यानं, का आत लावलेल्या वेळेच्या गजरानं, का नेटवर्कवरून कुणी उठवल्यानं, का बटनानं. आत्ता तिथं 'पॉवर स्विच' होतं. बरोबर होतं, आत्ता वहिनीनंच बटन दाबलेलं.

माझ्या मनात आलं, मशीन आपोआप उठतं ते कशानं, हे या ओळीला विचारता येईल.

पण काही बोर्ड या ओळीत खोटं लिहितात. काहीही झालं तरी 'पॉवर स्विच'च ठोकून देतात. म्हणून मी आधी मशीनचा खरेपणा तपासला. बुडाच्या सेटिंगमध्ये जाऊन लाइट आली की चालू हो असं लावलं, वायर उपटली, परत घातली. ते उठलं. टूलला विचारलं. या वेळी ओळ वेगळी आली, लाइट परत आल्यानं. म्हणजे हे मशीन खरं बोलणारं होतं. मग ती सेटिंग मी काढून टाकली. वेळेचा गजर तर लावलेलाच नव्हता, नेटवर्कचीही वाट बंद होती. उठलं की विंडोजच्या आधी पेनड्राइव्ह बघ असं मशीनला सांगून ठेवलं आणि ते बंद केलं. आता ते आपोआप उठलं तर दादाच्या फोटोवर न जाता माझ्याकडं येणार होतं, आणि कशानं उठलं ते मला सांगणार होतं.

जेवण झाल्यावर आम्ही चौघं ओसरीत बसलो. खोलीचं दार समोर उघडं ठेवलं होतं, अंगणापलीकडं. ऊन इतकं होतं की अंगणाकडं बघवत नव्हतं. घरात पाचवं माणूस नव्हतं.

मामा म्हणाले, "तुमच्या कॉलेजात भुताचा पेपर असतो का गं?"

"नसतो मामा."

"मंग काय शिकलीस?"

आत्या हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा. तेवढ्यात पलीकडच्या वावरातला हळदीचा ड्रम थांबला. दिवसभर चाललेला आवाज एकदम गेला की कान मोकळे पडतात. आणि त्या मोकळ्या कानांना पंखा फिरल्याचं ऐकू आलं.

प्रिंटर खर्र करून उठला. समोरच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर पांढरट उजेड पडला, आणि त्या उजेडात खुर्चीची पाठ दिसायला लागली. आत्याच्या हातातलं हळकुंड हातातच होतं. वहिनीनं माझं मनगट धरलं होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं. आम्ही चौघं इथं होतो. शटर बाहेरून कुलूपबंद होतं.

मला जावं लागलं, कारण मी शिकलेली. अंगण ओलांडताना मी मनात म्हणत होते, नेटवर्क असू दे, गजर असू दे, काहीही असू दे. खुर्चीत मी बसले नाही. उभ्यानंच आज्ञा टाइप केली.

पॉवर स्विच.

परत टाइप केली. परत तेच.

मागं तिघं दाराशी आले होते. मामांनी विचारलं, "काय लिवलं?"

मी दिसलं ते सांगितलं. "बटन दाबलं म्हणतंय."

"कुनी?"

"ते लिहीत नाही."

आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला, पाहुणा आल्यावर करतात तसा. "म्या काय सांगत व्हते?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या इंग्रजी मशीननंबी सांगितलं का न्हाई?"

मामा तिथून वळले. "उद्या टेम्पो सांगतो," एवढंच म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेले तर ती स्टोव्हजवळ काही न करता उभी होती. "ताई, तुम्ही लाइटनं झालं म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्यांना कुठं वाचता येतं?"

"मला जे दिसलं ते मी सांगितलं."

"तुमचं बरंय. तुम्हाला परत हिंगोलीला जायचंय."

दादानंच बटन दाबलं असं मला वाटत होतं का? शपथेवर सांगते, त्या संध्याकाळी मी त्या खोलीच्या दारावरून गेले नाही, स्वयंपाकघराच्या मागून वळसा घालून गेले.

सकाळी मला उदबत्तीच्या वासानं जाग आली. आत्या खोलीत होती. मी दाराआड उभी राहिले. दादाची रोजची रीत मला वहिनीनं सांगितली होती. आंघोळ करून यायचा, कुंकवाचं बोट मशीनच्या बटनाला लावायचा आणि त्याच बोटानं बटन दाबायचा. मग मशीन उठेपर्यंत पहिला चहा. आता ते सगळं आत्या करत होती. तिनं बटनाला कुंकू लावलं, जपून, दाबलं जाणार नाही असं. मग हातातल्या कपात करंगळी बुडवली आणि चहाचा थेंब बटनाच्या खालच्या कडेला लावला. परत बुडवली, परत लावला. आजारी माणसाच्या ओठाला लावतात तसं. थेंब फटीतून आत जात होता. ती थांबून बघायची, आणि आत गेला की दुसरा लावायची.

"पी माझ्या राजा," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी वहिनीला बोलावलं, पाहिलं ते सांगितलं, मशीनची वायर काढली आणि पुढचं तोंड खोललं. आतून मशीन पिवळं होतं. रस्त्याची, वावरातली सगळी हळदीची धूळ पंख्यानं ओढून आत भरली होती. पंख्याची पाती पिवळी, वायरी पिवळ्या. फक्त बटनाच्या मागं लाल होतं. वर्षानुवर्षांचं कुंकू, आणि त्यावर साखरेच्या चहाचा थर, काळपट, ओला. त्यात बारीक लाल मुंग्या. बटनाच्या आत दोन इवल्या पत्र्या असतात. त्या टेकल्या की मशीनला वाटतं, बोट लागलं. त्या लगद्यात त्या आपोआप टेकत होत्या आणि सुटत होत्या. ओलीनं का मुंगीनं, ते मी नेमकं सांगू शकत नाही. मशीननं मात्र जे त्याला कळलं तेच लिहिलं होतं.

वहिनीनं तो गोळा बराच वेळ बघितला. मला वाटलं तिला आनंद होईल.

"ताई, हे आत्याबाईंना सांगू नका," ती म्हणाली. "वायर सैल होती म्हणा. मी नाही बसले तरी चालेल."

"का?"

"त्या रोज पाणी पाजतात त्यांना. ते काढून घेऊ नका."

मी तरी सांगितलं. ओसरीत जाऊन, वायरी सोडवून काढलेलं बटन कागदावर ठेवून, आत्याच्या पुढं बसून. मला दुसरं काही येत नाही. कुंकू दाखवलं, चहा दाखवला, मुंग्या दाखवल्या. पत्र्या कशा टेकतात ते दोन हळकुंडं एकमेकांना लावून दाखवलं. मामा खाटेवरून वाकून बघत होते.

आत्या म्हणाली, "आन पिठात उमटलं ते?"

"त्याचं मला माहीत नाही आत्या. मी फक्त मशीनचं सांगते."

तिनं बटनाला बोट लावलं नाही. नुसतं बघत राहिली. एक मुंगी कागदावरून तिच्या पातळावर चढली, ती तिनं हातानं बाजूला केली.

"म्हंजे मीच उठवत व्हते त्याला," ती म्हणाली. "त्यो निजला व्हता, आन म्याच रोज हलवून हलवून उठवत व्हते."

मामा म्हणाले, "आगं, तसं न्हाई म्हनत ती."

"तुमी गप बसा. मला कळतं ती काय म्हनती ते." मग तिनं वहिनीकडं बघितलं. वहिनी दारातच होती. "तू बस खुर्चीवर. बियान्यावाल्याला यांनी न्हाई म्हनून सांगावं. आन खोलीत आता कुनी कुंकू नेऊ नगा. निजू द्या त्याला."

नवं बटन डोंगरकड्यात मिळणार नव्हतं. मी शेजारच्या रीसेटच्या छोट्या बटनाच्या वायरी जुन्याच्या जागी लावल्या. तेवढ्यानं भागतं. पेनड्राइव्हवरून दादाच्या पासवर्डला वळसा घालून विंडोजमध्ये वहिनीच्या नावाचं खातं उघडून दिलं. दादाचा फोटो पडद्याच्या कोपऱ्यात छोटा होऊन राहिला. काढू का विचारलं तर ती नको म्हणाली. मग मशीन बंद करून ठेवलं, ते दुपारपर्यंत बंदच राहिलं. हळदीचा ड्रम दोनदा थांबला. दोन्ही वेळा ओसरीतले आम्ही सगळे बोलता बोलता गप्प झालो आणि खोलीकडं कान दिला. काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या प्रहरी वहिनीनं शटर वर केलं आणि छोटं बटन दाबलं. खुर्ची तिला उंच पडत होती, पाय पुरत नव्हते. खाली पाट घेतला.

संध्याकाळी मी हिंगोलीच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभी होते. वहिनी शटरातून उतरून आली. एका माणसाचा विम्याचा फॉर्म भरून झाला होता, ते सांगायला आली असं मला वाटलं.

"ताई, ते जुनं बटन कुठंय?"

"बॅगेत आहे. तिकडं टाकून देईन."

"द्या ना."

"साफ केलेलं नाही वहिनी. मुंग्या लागतील."

"लागू द्या," ती म्हणाली आणि हात पुढं केला.